महादूच्या वाट्याची पेज

"याला कुणी झपाटलेलं नाही," जव्हारला संस्थानच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. "हा डिलिरियम ट्रेमेन्स आहे."

मी चार यत्ता शिकलेला, म्हणून घरच्यांनी मला पुढे केलं होतं. मी शहाण्यासारखी मान डोलावली. मागून आमच्या गावच्या भगताने कानात विचारलं, "दादा, हा भूत गोऱ्यांचा का?" मलाही तेच विचारायचं होतं.

डॉक्टरांनी समजावलं. रोज भरपूर पिणाऱ्याचं शरीर दारूवरच चालायला शिकतं. ती एकाएकी तोडली की हातपाय कापतात, नसलेलं दिसतं, ताप चढतो. माणूस दगावूही शकतो.

एकाएकी तोडली होती ती आम्हीच. महादू माझा धाकटा भाऊ. जामसरला आमची भातशेती. मोहाची दारू आमच्यात देवाला लागते, लग्नाला लागते, मयताला लागते. महादूला ती न्याहारीलाही लागू लागली. शेवटी आईने सांगितलं आणि आम्ही त्याला माळ्यावर चढवून शिडी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी तो उंदरांशी भांडू लागला. माळ्यावर उंदीर होतेच, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग तो मेलेल्या बापाशी बोलू लागला.

भगत आला. त्याने तांदळाचे दाणे मांडून कौल पाहिला, देवाला दारूची धार सोडली आणि उरलेली महादूला प्रसाद म्हणून पाजली. महादू गप झोपला. आम्ही खुशीने भगताला कोंबडा दिला. सकाळी तेच भूत परत, आणि दुप्पट जोरात. तेव्हा महादूची बायको सोनी म्हणाली, "भूतबित काय नाय. अंगाला तीच पायजे त्याच्या. डोली बांधा, जव्हारच्या दवाखान्यात न्या."

दवाखान्यात झोपेचं औषध सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, "ओळखीचं माणूस जवळ ठेवा. ओरडू नका, हसू नका." सोनी खाटेशी बसली ती हललीच नाही. नागलीची पेज फुंकून फुंकून घोटाघोटाने पाजायची. मी पडवीत बसून असायचो. माझा अवतार पाहून एका शिपायाने मलाच खाटेवर चल म्हणून हाताला धरलं.

ताप उतरला, महादूने डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिला.

"दादा, असा काय दिसतोस? पितोस काय?"

मी हसलो आणि बाहेर जाऊन रडलो.

घरी सोडताना डॉक्टरांनी त्याचं पोट चाचपलं. "लिव्हर, म्हणजे यकृत, दगडासारखं झालंय. याला सिरोसिस म्हणतात. गेलेलं परत येत नाही. प्यायला नाही तर थोडे दिवस जास्त मिळतील."

आम्ही घरात दारू गाळणं बंद केलं. पाहुण्यांपुढे पेज येऊ लागली, तसे पाहुणे कमी झाले. माझ्या मुलाच्या लग्नात मुलीकडच्यांनी रीतीप्रमाणे नवऱ्याच्या काकापुढे पहिला द्रोण धरला. महादूने तो कपाळाला लावला आणि जमिनीवर ओतला.

"हा काका का बामण?" कुणीतरी ओरडलं.

"दारूचा जावई होतो," महादू म्हणाला. "सासुरवाडी सोडली."

मांडव हसला. सोनीने मात्र त्याचे हात पदराखाली घेऊन धरून ठेवले.

पुढच्या पावसाळ्यात त्याच्या पोटात पाणी झालं, पाय सुजले, डोळे हळदीसारखे पिवळे पडले. डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं. ते पुन्हा भरलं. नागली कापणीला आली आणि महादू गेला.

आमच्यात मयताच्या तोंडात दारू घालतात. त्याशिवाय पितर त्याला आपल्यात घेत नाहीत. भगत द्रोण घेऊन वाकला. सोनीने त्याचं मनगट धरलं.

"नको. लय हाल सोसून सोडलीय त्याने."

"पोरी, पितर दारात उभा नाय करणार त्याला."

"ऱ्हाऊं दे भाईर. पन ती घालू नको."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी भगताकडे पाहिलं. त्याने द्रोण बाजूला ठेवला.

"मंग काय घालू?"

"पेज."

तुमच्या घरात असा कुणी असेल तर शिडी काढू नका. दवाखान्यात न्या आणि जवळ बसा. आमचा महादू वाचला नाही, पण तो आमचा होऊन गेला. एवढं त्या डॉक्टरांमुळे आणि सोनीमुळे झालं.

नवं भात आलं की पितरांच्या नावाने आम्ही अजून दारू शिंपडतो. महादूच्या वाट्याला पेज असते. सोनी ती आधी फुंकून गार करते.