जहाज न थांबवता

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे थांबाकाका म्हणायचे. आम्ही डीबगर बनवायचो. चालत्या प्रोग्रामला मध्येच कुठेतरी उभं करून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारं अवजार म्हणजे डीबगर. त्यातला थांबवण्याचा भाग काकांकडे होता. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांचे प्रोग्राम थांबवण्यात घालवली, आणि स्वतः मात्र लिफ्टसाठीसुद्धा थांबायचे नाहीत, जिन्याने तरातरा वर यायचे. माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. त्यांनी लिहिलेलं तपासायचं, शक्यतो मोडून दाखवायचं, हे माझं काम. त्यामुळे आमचं पटायचंही आणि रोज भांडणही व्हायचं.

त्यांना एकुलती एक मुलगी. इलेक्ट्रॉनिक्स शिकली, हुशार निघाली. ती आमच्याकडे यावी आणि खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलावर बसावी, असं काकांच्या मनात होतं. तसं ते कधी बोलले नाहीत, पण त्या टेबलावर कुणी फाइलींचा ढीग ठेवला की उचलून दुसरीकडे ठेवायचे. मुलीने नोकरी धरली ती समुद्राच्या तळाशी केबल टाकणाऱ्या जहाजावर. महिनोन्‌महिने पाण्यात.

"तुम्हाला चालेल ना?" तिने विचारलं होतं.

"ठरवलंयस ना? मग मला कशाला विचारतेस?" काका म्हणाले.

ती निघाली त्या सकाळी तिच्या बॅगेचं एक चाक निखळलं. काका खाली मांडी घालून बसले, पान्याने चाक घट्ट केलं, बॅग दोनदा खोलीभर ओढून पाहिली, "झालं" म्हणाले आणि आत निघून गेले. निरोप म्हणायचा तर तो एवढाच.

त्यानंतर फोन यायचा तो काकूंच्या मोबाइलवर. काकू शाळेत चित्रकला शिकवायच्या, अधूनमधून आमच्या ऑफिसात डोकावायच्या, मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनीच मला सांगितलं, "आतल्या खोलीत यांचा रेडिओ दिवसभर बडबडत असतो. पोरीचा फोन आला की तो आपोआप गप्प होतो. मी म्हणते, अहो, या की बाहेर, बोला. तर म्हणतात, तुमचं चालू दे, मी बातम्या ऐकतोय. बंद रेडिओवर बातम्या!"

मुलगी शेवटी विचारायची, "बाबा बरे आहेत ना?" काकू म्हणायच्या, "बरे आहेत." झालं.

दीडेक वर्ष असं गेलं, आणि मग एक काम आलं.

केबल टाकणाऱ्या जहाजाला नांगर टाकून चालत नाही. वारा, लाटा, प्रवाह, सगळ्यांशी झुंजत त्याला आखलेल्या रेषेवरून अगदी सावकाश सरकावं लागतं. हे काम एक प्रोग्राम करतो. त्याचे अनेक थ्रेड असतात, म्हणजे एकाच वेळी चालणारे अनेक हात: एक वाऱ्याचं बघतो, एक दिशेचं, एकेक जण जहाज ढकलणाऱ्या एकेका पंख्याचं. एका जहाजावर हा प्रोग्राम अधूनमधून पिसाळायचा. शांत समुद्रात जहाजाला एकदम हिसका बसायचा, केबल ताणली जायची, आणि दुसऱ्या क्षणी सगळं आलबेल. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी डोकं आपटून घेतलं. किनाऱ्यावर काही केल्या ती खोड दिसेना.

आणि जहाजावर प्रोग्राम थांबवून बघायची सोय नव्हती. तिथे दोन संगणक होते. पहिला क्षणभर थांबला तरी दुसरा लगेच ताबा घ्यायचा. जहाज सुरक्षित राहायचं, हे चांगलंच, पण पहिल्यातली खोड तेवढ्यात पळून जायची. चोर पकडायला दिवा लावावा आणि दिवा लागताच चोर पसार, तशातली गत. म्हणून ते प्रोग्रामवाले आमच्याकडे आले. प्रोग्राम चालूच ठेवायचा, त्यातला एकच थ्रेड क्षणभर अडवायचा, बघायचं, सोडायचं. काकांच्याच भागातली ही गोष्ट होती, पण त्या जहाजावरच्या प्रोसेसरसाठी ती अर्धवटच लिहिलेली राहिली होती.

जहाजाचं नाव वाचून काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हं," म्हणाले. मुलगी त्याच जहाजावर होती.

अडचण कुठे होती ते सांगते, फार अवघड नाही. थ्रेडला एखाद्या जागी अडवायचं असेल तर डीबगर प्रोग्राममधली तिथली खरी सूचना उचलून ठेवतो आणि तिच्या जागी "थांब" अशी सूचना बसवतो. यालाच ब्रेकपॉइंट म्हणतात. थ्रेड येतो, अडतो. आता त्याला पुढे पाठवायचं कसं? साधा उपाय असा की खरी सूचना परत जागेवर ठेवायची, थ्रेडला एक पाऊल टाकू द्यायचं, की पुन्हा "थांब" बसवायचं. पण त्या एका पावलापुरता पहारा उठलेला असतो. नेमका तेवढ्यात दुसरा थ्रेड तिथून गेला तर तो कुणाला दिसतच नाही. आम्हाला तर नेमके असेच, एकाच्या पाठोपाठ घुसणारे थ्रेड पकडायचे होते.

म्हणून दुसरा उपाय. पहाऱ्याला हातच लावायचा नाही. खऱ्या सूचनेची नक्कल मेमरीतल्या एका कोऱ्या जागेत ठेवायची, अडलेल्या थ्रेडला उचलून तिथे न्यायचं, ती एकच सूचना तिथे पार पाडायला लावायची, आणि लगेच परत आणून मूळ वाटेवर पुढच्या सूचनेपाशी सोडायचं. थ्रेडला कळतही नाही की आपण मध्येच परगावी जाऊन आलो.

काकांनी ते लिहिलं. मी ते खोट्या जहाजावर चालवलं, म्हणजे पडद्यावर जहाजाचं सोंग आणणारा आमचा एक प्रोग्राम होता त्यावर. पहिल्या तासाभरात ते जहाज घाण्याच्या बैलासारखं गोल गोल फिरायला लागलं.

"काका, तुमचं जहाज भोवऱ्यात सापडलंय."

"थट्टा सोड. कुठली सूचना होती?"

सूचना "अमुक काम करून परत ये" अशी होती. अशी सूचना पार पाडताना प्रोसेसर परत यायचा पत्ता लिहून ठेवतो, आणि आपण जिथे आहोत तिथलाच लिहितो. ती कोऱ्या जागेत चालली, तेव्हा पत्ताही कोऱ्या जागेचाच लिहिला गेला. थ्रेड काम आटोपून इमानाने तिथे परत आला, तर तोवर तिथे दुसऱ्याच थ्रेडची सूचना येऊन बसलेली. मग तो बिचारा भलत्याच घरात शिरला.

"पाठवलं आपणच. मग परतीचा पत्ताही आपणच नीट करून द्यायला हवा होता," काका म्हणाले. आणि दुरुस्तीला लागले. प्रत्येक थ्रेडला आपली वेगळी कोरी जागाही दिली. मी आठवडाभर मोडायचा प्रयत्न केला, मोडलं नाही.

मग जहाजाशी लाइन जोडली. स्पीकरवर आधी नुसती घरघर आली, मग आवाज.

"जहाजावरून बोलतेय. ऐकू येतंय का? कोण आहे तिकडे?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी घसा खाकरला.

"मी आहे."

घरघर. मग, "बाबा?"

"हो. कनेक्शन नीट आहे ना?"

"आहे." ती म्हणाली, "या संगणकाचं माझ्याकडेच आहे सगळं. म्हणून मला बसवलंय."

"बरं झालं. मग सुरू करू."

हिसका दिवसातून फार तर एकदोनदा बसायचा, त्यामुळे बहुतेक वेळ नुसती वाट बघण्यात जायचा. काका आकडे विचारायचे, ती सांगायची. "तिसरा पंखा?" "ठीक." "वाऱ्याचा थ्रेड?" "आला, अडला, पुढे गेला." असलं बोलणं. मध्ये लांब शांतता. त्या शांततेत जहाज ऐकू यायचं: कुठेतरी इंजिनाची धडधड, लोखंडावर लोखंड, एखादा माणूस हसत गेलेला. काका स्पीकरचा आवाज वाढवून ठेवायचे. एकदा तिकडे ती शिंकली. काका पटकन म्हणाले, "स्वेटर घाल." लगेच पुढे, "म्हणजे, खोली थंड असेल तर."

"घातलाय," ती म्हणाली. "आईने विणलेला. कोपराला विरलाय."

काका दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागले. स्पीकरला शर्ट दिसत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. जिन्याने वर येताना मात्र ते आता धापा टाकत असत, इतके धावत यायचे.

एका दुपारी जहाजाला हिसका बसला आणि त्याच वेळी दिशेचा थ्रेड ब्रेकपॉइंटवर अडला, त्याच्या पाठोपाठ वाऱ्याचा. दोघांच्या सामायिक वापरातला आकडा पडद्यावर आला. मोठा आकडा दोन भागांत लिहिला जायचा. वाऱ्याच्या थ्रेडने पहिला भाग लिहिला होता, दुसरा लिहायचा होता, आणि तेवढ्यात दिशेच्या थ्रेडने तो उचलला होता. अर्धा नवा, अर्धा जुना. त्या भेसळीच्या आकड्यावर विसंबून जहाज वळलं होतं. इतकी साधी गोष्ट.

मला दिसलं. काकांना तर माझ्याआधीच दिसलं असणार. त्यांचा हात माउसवर होता, तो तिथेच राहिला. मी त्यांच्याकडे बघत होते. हे एकदा मोठ्याने सांगितलं की काम संपलं, लाइन बंद.

"एकदा परत बघू," काका माइकमध्ये म्हणाले. "खात्री झालेली बरी."

ती सावकाश म्हणाली, "बाबा, मला दिसलंय इथून. अर्धा आकडा जुना आहे."

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पण बघू परत एकदा," ती म्हणाली. "खात्री हवीच. माझी ड्यूटी संपायला वेळ आहे अजून."

मी चहा आणते म्हणून उठले आणि चांगला तासभर खालीच बसून राहिले. परत आले तेव्हा ती त्यांना सांगत होती की जहाजावरचा स्वयंपाकी कसा सगळ्यांवर ओरडतो आणि मग गुपचूप जास्तीचं वाढतो. काका हसत होते. त्यांचं हसणं इतकं बारीक, किनरं असेल असं मला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी काकांनी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना खोड कळवली. त्यांनी आकड्याला कुलूप घातलं, म्हणजे एकाचं पुरतं लिहून होईपर्यंत दुसऱ्याने हात लावायचा नाही. हिसके बंद झाले. साहेबांनी सगळ्यांसमोर काकांचं कौतुक केलं, आणि दुसऱ्या दिवशी लाइन काढून घेतली. स्पीकर टेबलावर तसाच राहिला. काका त्याच्यावरची धूळ पुसायचे.

फोन पुन्हा काकूंच्या मोबाइलवर येऊ लागला. पण आता ती म्हणायची, "बाबांना दे ना." काकू सांगत होत्या, "पहिल्यांदा यांनी फोन घेतला आणि विचारलं काय, तर कनेक्शन नीट आहे ना! ती हसली, हेही हसले. मग दोघंही गप्प. कामाविना बोलायचं काय, हेच ठाऊक नाही दोघांना. शेवटी म्हणाले, थांब, आईला देतो."

पुढच्या हंगामाचा करार तिने पुन्हा केला. मध्ये काही दिवस घरी आली. काकांनी रजा टाकली. ती मात्र आल्या आल्या जी झोपली ती झोपलीच, जागी झाली की मैत्रिणी, खरेदी. काका घरात इकडून तिकडे करत राहिले. बिजागऱ्यांना तेल घातलं, नळाचा वॉशर बदलला. शेवटच्या दुपारी ती सोफ्यावर येऊन त्यांच्या शेजारी पाय वर घेऊन बसली.

"बाबा, ते कोऱ्या जागेचं नीट सांगा ना. मी तिकडे नुसते आकडे वाचत होते."

काकांनी सांगायला सुरुवात केली. पहारा, नक्कल, परतीचा पत्ता. अर्ध्यावरच तिची मान त्यांच्या खांद्यावर कलली. काकू दारातून खुणेने म्हणाल्या, अहो, झोपली ती. काकांनी मान हलवली आणि हळू आवाजात सांगत राहिले, अगदी शेवटच्या सूचनेपर्यंत. मग खांदा न हलवता तसेच बसून राहिले. त्यांचा हात बधिर झाला होता, हे काकूंना रात्री जेवताना कळलं, चमचा धरता येईना तेव्हा.

या वेळी ते काकूंना घेऊन तिला सोडायला बंदरावर गेले. फाटकाच्या आत इतरांना सोडत नव्हते. तिने बॅग उचलली, "येते" म्हणाली. काका म्हणाले, "ये. आणि मला फोन कर. माझ्या फोनवर." ती मान डोलावून कंटेनरच्या रांगांमागे दिसेनाशी झाली.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "कुणाला पोचवायला आलात?"

"मुलीला," काका म्हणाले. "त्या जहाजावर असते." आणि दाखवायला त्यांनी हात वर केला. मध्ये क्रेन होत्या, गोदामं होती, जहाजाचा साधा धूरही दिसत नव्हता. पहारेकरी बरं म्हणून आपल्या खुर्चीकडे गेला. काकू म्हणाल्या, तरी यांचा हात कितीतरी वेळ तसाच त्या दिशेला होता.