आंबट पावसाचा आकडा

माझी आत्या पाऊस मोजते. पगारी. तळ्याकाठच्या केंद्रात रोज सकाळी आठला ती छपरावर चढते, नरसाळ्याखालची बाटली उतरवते, खाली येऊन पाण्यात मीटर बुडवते. आकडा जितका खाली, तितका पाऊस आंबट.

"चार पॉइंट दोन!" लगेच थोरल्या बहिणीला फोन. "ताई, काय पिळलंस गं यात? लिंबू?"

थोरली आत्या सीमेपलीकडे राहते. तिचे यजमान तिथल्या वीजकेंद्रात बॉयलरवर. कोळशाचा धूर आपल्याच गावाच्या नाकात जाऊ नये म्हणून त्यांनी चिमणी आभाळाला टेकवली. गाव सुटलं; धुरातला गंधक वाऱ्याबरोबर आमच्याकडे निघाला आणि ढगात भिजून त्याचं आम्ल झालं. वाऱ्याला पासपोर्ट कोण मागणार?

"तुमचं तळं काचेसारखं झालंय म्हणे!" थोरलीचा आवाज कायम जिना चढून आल्यासारखा.

"काचेसारखंच. आत कुणी राहतच नाही. मासा नाही, बेडूक नाही. आणि रानातली झाडं शेंड्याकडून टकली व्हायला लागलीत, भावोजींसारखी."

"ठमे, जीभ आवर! स्पीकरवर आहे!"

मागून भावोजींचं खाकरणं.

हसणं ओसरलं की आत्या हळूच विचारायची, "कधी येशील?"

"बॉयलर बंद झाला की. तोवर यांना रजा नाही, आणि एकटं सोडलं तर हे बिस्किटांवर जगतील."

असं नऊ वर्षं. आत्या बॉयलर बंद व्हायची वाट तळ्यासाठी बघतेय असं केंद्रातल्या सगळ्यांना वाटायचं.

शेवटी दोन्ही सरकारांचा करार झाला. बॉयलर थंडावला, भावोजी तिथल्या आवराआवरीला अडकले आणि दोन महिन्यांनी मीटर पाच पॉइंट एकवर थांबला. आत्याने तीनदा बुडवून पाहिला. "अभि-नंदन, बाई!" केंद्राचे साहेब नाकातून म्हणाले, जणू आकडा त्यांनीच खांद्यावर घेऊन वर चढवला होता. आत्या घरी आली, मागच्या खोलीतली गादी उन्हात टाकली आणि फोन लावला.

"ताई, पाच पॉइंट एक! आता ये."

"अगं... यांना काम मिळालंय. लांब, दक्षिणेला. उद्याच निघतोय."

"मग तिकडून ये."

"दोन दिवसांचा प्रवास, ठमे. नव्या जागी वर्षभर रजा मागता येत नाही."

आत्याने खिडकीतून गादीकडे पाहिलं. "आंबटपणा मारायला तळ्यात चुना टाकणारेत. सगळं नीट झालं तर पुढल्या वर्षी मासे सोडतील."

"फोटो पाठव हं."

"फोटोबिटो मिळणार नाही. तू येऊन बघायचं."

पलीकडे खोक्यावर चिकटपट्टी खर्रकन ओढल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"ताई?"

"आहे गं. ठेवू नकोस एवढ्यात."