भाजी पिकवणाऱ्यांचा हॉल

ओतूरच्या विभा डुंबरेला मातीचं वेड लहानपणापासूनचं. वडिलांच्या कांद्याच्या वावरात ती ढेकळं फोडून हुंगत बसायची. त्याच वेडापायी शिकत शिकत ती सिंगापूरच्या विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून आली आणि तिथल्या क्लेमेंटी भागात कोह आंटींच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत भाड्याने राहू लागली. आंटी शहात्तर वर्षांच्या, एकट्या आणि फटकळ. पहिले सहा महिने त्या "बूट बाहेर!" यापलीकडे फारसं बोलल्याच नाहीत.

मार्चमधल्या एका शनिवारी विभा बेटाच्या वायव्य टोकाला, जिथे पूर्वी शेती होती तिथे, मातीचे नमुने घ्यायला गेली. झुडपात माती काढायची नळी टणकन आदळली. पालापाचोळा सारला, तर खाली लाल सिमेंटची फरशी आणि कडेला तीन पायऱ्या. चढून कुठेच न जाणाऱ्या. तिने फोटो काढला आणि घरी येऊन आंटींना सहज दाखवला.

आंटींनी भाताचा वाडगा खाली ठेवला. "मधली पायरी फुटलीय का?"

"हो! तुम्हाला कसं माहीत?"

"मीच फोडली. जातं पडलं माझ्या हातून. बाबांनी चांगली बडवली होती मला!"

आंटी लगबगीने आत गेल्या आणि एक फोटो घेऊन आल्या. साल १९६२. एका बैठ्या हॉलसमोर साठ-सत्तर अनवाणी माणसं, दारावर लांबलचक लाकडी पाटी. परिसरातल्या भाजी पिकवणाऱ्यांचं ते मंडळ, आंटींचे वडील त्याचे अध्यक्ष. त्या हॉलमध्ये दिवसा पोरांची शाळा भरायची, लग्नं लागायची, कुणी गेलं तर अंत्यविधीची तयारीही तिथेच व्हायची.

"वादळात कुणाचं घर पडलं, की घरटी एक माणूस कामाला जायचा. मजुरी नाही. ज्याचं काम, त्याने जेवू घालायचं."

विभा ताडकन उठली. "आंटी, अहो ही तर आमची इर्जिक!"

तिने तिथल्या तिथे ओतूरला वडिलांना, आबांना व्हिडिओ कॉल लावला. आबा गोठ्यात होते. लेकीने सगळं घाईघाईने सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "जेवणात काय असायचं, विचार त्यांना."

"पोर्क," आंटी म्हणाल्या.

"मटण," विभाने सांगितलं.

"मग बरोबर! आपल्याकडंबी मटणच की!" आबा खूश झाले. आंटी पडद्याकडे बघून हसत होत्या. त्यांना हसताना विभा पहिल्यांदाच पाहत होती.

दुसऱ्या दिवसापासून आंटींना दम निघेना; जुन्या मंडळींना त्या फरशीवर पुन्हा जमवायचं त्यांनी मनावर घेतलं. बाजारातल्या मासेवाल्याकडून एक नंबर मिळाला, त्याच्यावरून दुसरा. आठवड्याभरात जुन्या मंडळातली दहा माणसं सापडली. विभाने परवानगी काढली, बस ठरवली.

"तिओ अंकलना सांगायचं ना?" सगळ्यांच्या बोलण्यात ज्याचं नाव येत होतं, त्या फोटोतल्या तरुणावर बोट ठेवून तिने विचारलं.

"त्याला नाही!" आंटी कडाडल्या.

चौऱ्याऐंशी साली सरकारने ती जमीन घेतली. आंटींचे वडील म्हणाले, सरकार देतंय ते फ्लॅट घ्या आणि चला. तिओ म्हणाला, हलायचं नाही. भर सभेत दोघांची जुंपली. शेवटच्या दिवशी पाटी नाहीशी झाली. "त्यानेच नेली. जाळली असेल, नाहीतर विकली."

विभाला राहवेना. मासेवाल्याकडून पत्ता काढून ती मेट्रोने तोआ पायोहला तिओ अंकलच्या घरी गेली. दार उघडणारे म्हातारबुवा तिला आत घेईनात. तिने फोटो पुढे केला, तसे ते बाजूला झाले. आणि टीव्हीखालची फळी दिसताच ती वाकून बघू लागली. फळीच्या कडेला सोनेरी चिनी अक्षरं होती.

"पाडणाऱ्यांच्या हाती कशी पडू देऊ?" अंकल म्हणाले. "चाळीस वर्षं रोज पुसतोय मी ती." निघताना विभाने त्यांना रविवारचा बेत सांगितला.

रविवारी सकाळी बस पोचली. बाकीचे उतरून झाडीतून वाट काढत होते, तेवढ्यात मागून एक टॅक्सी आली. तिओ अंकल चादरीत गुंडाळलेली पाटी कशीबशी सावरत उतरले. आंटी जागच्या जागी थिजल्या.

अंकलनी चादर काढली. आंटींनी अक्षरांवरून बोट फिरवलं, एकेका अक्षरावर थांबत. ही अक्षरं त्यांच्या वडिलांनी लिहिली होती.

"जड आहे गं," अंकल पुटपुटले. "एक टोक धर की."

दोघांनी मिळून पाटी फरशीवर नेली. मग काय विचारता! स्टेज कुठे होतं, चूल कुठे होती, यावरून बारा म्हाताऱ्यांचा एकच कल्ला उडाला. एक आजोबा पावलं मोजत सुटले, एक आजी शाळेतली कविता खड्या आवाजात म्हणू लागल्या. विभा रेकॉर्डिंग चालू ठेवून एकीकडून दुसरीकडे नुसती पळत होती.

"तुझ्या बापाचं बरोबर होतं की माझं, देव जाणे," अंकल म्हणाले.

"दोघंही गाढव!" आंटी म्हणाल्या आणि त्यांनी भाताचा डबा अंकलपुढे सरकवला.

आता पाटी क्लेमेंटीच्या कम्युनिटी क्लबच्या भिंतीवर आहे. खाली विभाने लिहिलेला मंडळाचा इतिहास लावलाय. दर रविवारी तिओ अंकल येऊन त्यात चुका काढतात.