कोपर कुणाचं?

आईची एक बहीण आमच्या हैदराबादच्या, तारनाक्याच्या घरात भिंतीवर असायची आणि ती कधीच आमच्याकडे राहायला आली नाही. लहानपणी मला याचं फार नवल वाटायचं. बाकीच्या मावश्या परभणीहून, नांदेडहून पिशव्या भरभरून यायच्या, आठ-आठ दिवस राहायच्या आणि आईच्या भाजीला नावं ठेवून जायच्या. ही मात्र बुद्धमूर्तीच्या फळीखाली, काचेच्या चौकटीत, सदानकदा पळत असायची. काळी, उंच, केस घट्ट बांधलेले, तोंड उघडं.

खरं तर ते एका मराठी साप्ताहिकातलं कात्रण होतं. बाबा रेल्वेत कारकून. नांदेडहून येणारं कुणी ना कुणी त्यांच्यासाठी ते साप्ताहिक घेऊन यायचं आणि आई भाकरी थापत असताना ते तिला वाचून दाखवायचे. एकदा त्यांनी अमेरिकेतल्या एका काळ्या धावपटू बाईवरचा लेख वाचला. तिच्या गावात गोऱ्यांचा नळ वेगळा आणि काळ्यांचा वेगळा. पळून पळून घशाला कोरड पडली तरी मैदानाजवळच्या नळाला हात लावायची सोय नाही. तीच पुढे देशोदेशीच्या पोरींना मागे टाकून पहिली आली. आईचा हात भाकरीवरच थांबला, असं बाबा सांगायचे. "नळाला शिवू देत नव्हते?" असं तिने दोनदा विचारलं आणि म्हणाली, "मग आपल्यातलीच की हो ती."

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेल्यावर तिने कात्रीने फोटो कापून घेतला. उरलेला कागद फळीवर डब्यांखाली अंथरला. त्यावर तेल सांडलं आणि लेखाचा निकाल लागला.

"आपल्यातली" हा शब्द आई फार जपून वापरायची. वस्तीत नवं मराठी बिऱ्हाड आलं की ती आधी गाव विचारायची, मग आडनाव, मग कुणाकुणाशी सोयरीक ते. मनासारखी उत्तरं मिळाली की आत येऊन हळूच म्हणायची, "आपल्यातली हाय." मग चहा चांगल्या कपांतून जायचा. हा शब्द ती नेहमी खालच्या आवाजात बोलायची, दार-खिडकी बघून. फोटोतल्या बाईबद्दल मात्र ती तो खुशाल मोठ्याने म्हणायची. घरमालकीण भाडं न्यायला आली की चौकटीकडे बघत विचारायची, "कौन जी ये?"

"बहन है," आई सांगायची.

"हौ, दिखरा. नाक एकीच है."

मालकिणीचं हे म्हणणं मी कितीतरी वर्षं खरं धरून चालले होते. शाळेत मी सांगितलं होतं की माझी एक मावशी अमेरिकेत पळते, आणि कुणीही हसलं नाही. हैदराबादेत ज्याचं त्याचं कुणी ना कुणी अमेरिकेत असतंच.

मला एक कोडं मात्र छळायचं. फोटोच्या उजव्या कडेला, मावशीच्या पुढे, एक कोपर होतं. नुसतं कोपर. मावशी पहिली आली होती, तर तिच्यापुढे हे कोण?

"आई, हे कोपर कुणाचं?"

"कुणाचं नाही. छापताना आलंय."

छापताना कोपर कसं येईल, हे मी बाबांनाही विचारलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझी आई म्हणते तर आलं असेल." बाबा शहाणे होते.

आता बाबा नाहीत. मी बँकेत आहे, आई माझ्याजवळ असते आणि चौकट माझ्या घरात आहे. माझी मुलगी विद्यापीठाच्या मैदानावर पळते. तिला मराठी वाचताना धाप लागते, पळताना लागत नाही. गेल्या महिन्यात ती राज्याच्या संघाच्या शिबिरासाठी निवडली गेली. पहिल्याच सुट्टीला घरी आली आणि बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाली, "आजी, मला नक्को ते शिबिर. मैं नै जाती अब."

खोदून खोदून विचारल्यावर कळलं. खोलीतल्या मुलीने विचारलं होतं, "तुम लोगां कौन?" हिने सांगितलं, बुद्धिस्ट. त्यावर ती म्हणाली, "उससे पहले?" बस. तिथे सगळ्या मुली एकमेकींच्या बाटल्यांतून पाणी पितात. त्या दिवसापासून हिच्या बाटलीला कुणी तोंड लावलं नाही. फक्त आदिलाबादकडची एक मुलगी हिच्याशी बोलत होती, आणि तिच्याशी तर आधीपासून कुणीच बोलत नव्हतं.

मला भयंकर संताप आला. आणि भीतीही वाटली, कारण सोमवारी ती परत गेली नाही तर तिची जागा दुसरीला मिळणार होती आणि तिचं पळणं तिथेच संपणार होतं.  आई उठली आणि चौकट खाली काढून पुसायला लागली. चिडली की ती चौकट पुसते.

मुलगी बघत बसली. मग जवळ गेली. "आजी, ये एल्बो किसका है?"

"छापताना आलंय."

"छापताना एल्बो कैसा आता?" म्हणत तिने फोन काढला, फोटोचा फोटो घेतला आणि शोधायला लागली. मीही मान लांब करून बघत होते. मला तर लहानपणापासून उत्तर हवं होतं. थोड्या वेळाने पूर्ण फोटो सापडला. कोपराला आता खांदा होता, छाती होती, छातीला लागलेली शर्यतीच्या शेवटची फीत होती. तीसुद्धा काळीच.

"आजी! लेखातली ती ही आहे, एल्बोवाली. तू गलत बाई कापलीस! अपनी वाली तो चौथी आली. मेडलच नाही."

मला हसूही येत होतं आणि आईकडे बघवतही नव्हतं. जन्मभर जिची काच पुसली, जिला बहीण म्हटलं, ती हरलेली निघाली होती. आईने फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"ही पण तिथलीच का?"

"हौ. एकाच कॉलेजच्या दोघी."

"मग नळ एकच असंल की दोघींचा," आई म्हणाली, आणि फोन परत देऊन चौकट खिळ्याला लावली.

मुलगी बराच वेळ फोनमधल्या त्या दोघींकडे बघत राहिली. मग विचारलं, "आजी, ती आदिलाबादवाली आहे ना, ती पण आपल्यातली का?"

मी आईकडे पाहिलं. तिने गाव विचारलं नाही. आडनाव विचारलं नाही.

"हाय," आई मोठ्याने म्हणाली. "सोमवारी जाशील ना, तवा सांग तिला. पुढच्या सुट्टीला चहाला घेऊन ये."

मुलीने बाटली धुवायला घेतली.