मशीन माझं, झोप तिची

डॉक्टरांनी मशीन दिलं मला आणि झोप लागली माझ्या बायकोला. तीही पहिल्याच रात्री. मी नाकावर मास्क बांधून छताकडे बघत पडलो होतो आणि शेजारी ती कुशीवर वळून, तोंड किंचित उघडं ठेवून, लहान मुलीसारखी गाढ झोपली होती.

झोपेत माझा श्वास अडकतो हे कळलं ते भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओमुळे. गुरुजी मंत्र म्हणताहेत, वधू-वर सप्तपदी चालताहेत आणि मागे कुणीतरी करवत चालवतंय असा आवाज येतोय. कॅमेरा वळला तर पहिल्या रांगेत मी, मान मागे टाकून. बघणारे सगळे हसले. इंदूरला राहणारी आमची मुलगी तेवढी हसली नाही. तिने तो भाग पुन्हा लावला. "बाबा, मधेच आवाज बंद होतो, ऐका. तेव्हा तुम्ही श्वासच घेत नाही आहात." मग तिने माझा पिच्छा सोडला नाही. तपासण्या झाल्या आणि फ्रीगंज बाजारातल्या एका दुकानातून मशीन घरी आलं.

दिसायला ते साधंच. टिफिनएवढा डबा, त्याला जोडलेली पाण्याची छोटी टाकी, तिथून निघणारी लांब नळी आणि नळीच्या टोकाला मास्क. मशीन रात्रभर नाकातून हवा दाबून सोडत राहतं, त्यामुळे घसा मिटत नाही. टाकीतलं पाणी खालून गरम होतं आणि त्याचा ओलावा हवेत मिसळतो, म्हणजे नाक कोरडं पडत नाही. ओलावा किती हवा ते आपण कमी-जास्त करायचं. माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. तारा, जोडण्या, बिघाड यातच केस पांढरे झाले. म्हणून पहिल्याच दिवशी मी बायकोला सांगून टाकलं, "याला तू हात लावू नकोस. हे माझं काम."

"मी कशाला लावू? मला त्यातलं काय कळतंय," ती म्हणाली आणि झोपली.

मशीनमुळे माझं घोरणं थांबलं होतं. झोप मात्र येत नव्हती. नाक आतून सुकून तडकल्यासारखं व्हायचं, घशाला कोरड पडायची, सकाळी रुमालावर रक्ताचा ठिपका दिसायचा. आणि त्या सकाळी ती कशी उठायची! आधी ती उठायची तेव्हा बराच वेळ कुणाशी बोलायची नाही, चहा गाळताना डोळे मिटलेले असायचे. आता ती गुणगुणत चहा करायची. फिरायला जायला लागली. किती तरी वर्षं नुसतं म्हणत होती, ते भैरवगढचं छपाईचं शिक्षण तिने एकदाचं सुरू केलं. तिथल्या एका कारागिराच्या घरी चार बायका लाकडी ठप्प्यांनी कापडावर छापायला शिकतात, त्यांच्यात ही जाऊन बसली. दुपारी बोटं रंगवून घरी यायची आणि मला सविस्तर सांगायची, आज बॉर्डर सरळ आली, आज लाल रंग फुटला.

मी ऐकायचो आणि मनात जळायचो. दुसरा शब्द नाही त्याला. शेजाऱ्याच्या गाडीवर माणूस जळतो, साडूच्या बंगल्यावर जळतो. मी बायकोच्या झोपेवर जळत होतो. एकदा भाजी घ्यायला गेलो तर शेजारचे वर्माजी भेटले. म्हणजे आडनाव खोटं सांगतोय, पण शेजारी खरे. म्हणाले, "भाभीजी तो दस साल छोटी लग रही हैं आजकल. आप क्यों इतने थके-थके रहते हैं?" मी मेथीची जुडी घेतली आणि घरी आलो.

दुकानातल्या तंत्रज्ञाला फोन लावला. तो म्हणाला, "सर, हवा सूखी लग रही है तो ह्युमिडिटी बढ़ा लीजिए. एक-एक पॉइंट करके देखिए."

एक-एक पॉइंट करत बसायला मला धीर नव्हता. मी ओलावा थेट शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवला. दिवस थंडीचे होते. आमच्याकडे माळव्यात पौष लागला की फरशीवर पाय टेकवत नाही. त्या रात्री नाक खरंच सुकलं नाही. डोळा लागला. आणि पहाटे नळीतून हुक्क्यासारखा गुडगुड आवाज सुरू झाला, आणि पाठोपाठ गार पाणी माझ्या नाकात शिरलं. मी मास्क ओरबाडून काढला, खोकत, शिंकत उठून बसलो. वाटलं, बुडालोच.

बायकोने कूस बदलली. एवढंच.

सकाळी तिने माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली, वर सेव भुरभुरवली आणि सहज विचारलं, "झोप झाली का?"

माझा तोल गेला. "माझी कसली झोप? मी तिकडे पाण्यात गटांगळ्या खातोय आणि तू मस्त पसरलेली! हे मशीन डॉक्टरांनी माझ्यासाठी दिलंय की तुझ्यासाठी?"

मला वाटलं ती चिडेल. ती खुर्ची ओढून समोर बसली.

"थोडं माझ्यासाठीही आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही घोरायचात त्याचं मला काही नव्हतं. आवाजाची सवय होते. पण आवाज थांबायचा ना, तेव्हा मला जाग यायची. मग मी वाट बघायची. फार वेळ झाला की तुम्हाला कोपराने ढोसायची. तुम्ही हं करून श्वास घ्यायचात आणि परत झोपायचात. मी जागीच."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात, मी घोरतच नाही."

हे ऐकून माणसाचं मन भरून यायला हवं. माझंही आलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या तळाशी ती जळजळ तशीच होती. इतकी वर्षं ती माझ्यासाठी जागली, म्हणजे आता तिच्या झोपेवर तिचा पूर्ण हक्क झाला, आणि मला तक्रार करायलाही जागा उरली नाही. मी पोहे गार होईपर्यंत चिवडत बसलो.

"दुपारी लावून बघू या एकदा," ती म्हणाली. "दिवसाउजेडी नीट दिसेल तरी."

दुपारी मी मास्क लावून आडवा झालो, मशीन सुरू केलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि नळीवरून हात फिरवत गेली. मशीनपाशी, मग मधे, मग माझ्या नाकापाशी.

"इथे कोमट आहे, अहो. आणि इथे खिडकीजवळ एकदम गार. वाफ गार झाली की पाणी होणारच. डाळीच्या झाकणाला नाही का खालून पाणी सुटत?"

मास्कमधून बोलता येत नाही. मी नुसता हात हलवला. हे मला कळायला हवं होतं. पावसाळ्यात तारांच्या पेट्यांमध्ये असंच पाणी धरायचं आणि लोकांचे फोन खरखरायचे. ते पुसून काढण्यात माझा जन्म गेला होता.

"आणि मशीन वर कशाला ठेवलंय? टेबल पलंगापेक्षा उंच आहे. पाणी उतरून तुमच्या नाकातच येणार. खाली ठेवा, म्हणजे परत टाकीत जाईल."

मी मास्क काढला. "कोण म्हणालं तुला?"

"कोण कशाला म्हणायला हवं? पाणी खालीच जातं ना?"

मशीन खालच्या चौरंगावर आलं. ओलाव्याचा आकडा मी स्वतः कमी केला, अगदी मधोमध आणला. तेवढं तरी तिने मला करू दिलं. आणि मग ती आतल्या खोलीतून एक छापलेल्या सुती कापडाचा तुकडा घेऊन आली. वर्गात छापलेला, लाल-काळ्या बुट्ट्यांचा, एका कोपऱ्यात रंग जरा पसरलेला. आत जुन्या गादीतला कापूस भरून तिने नळीसाठी लांबलचक खोळ शिवली. शिलाई मशीनची सुई कापसात दोनदा तुटली, तरी संध्याकाळच्या आत खोळ तयार होती. नळी त्यात घातली तर रजई पांघरलेल्या अजगरासारखी दिसायला लागली.

त्या रात्री मला झोप लागली. नाकात पाणी नाही, कोरडं नाही. सकाळी उठलो तेव्हा ऊन भिंतीवर आलं होतं आणि स्वयंपाकघरात तिचा चहाही पिऊन झाला होता. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग थोडं नाक सुकल्यासारखं वाटलं तेव्हा मी एक पॉइंट वाढवला, आणि थंडी ओसरल्यावर पुन्हा बदलला. आता हात बसलाय. स्कूटरवरून देवास गेटपर्यंत जाऊन येतो, सिग्नलला डोळे मिटत नाहीत.

इथवर सगळं नीट झालं. पण मग डॉक्टरांकडे तपासणीला जायची वेळ आली. मशीन बरोबर आणायला सांगितलं होतं, म्हणून पिशवीत भरून नेलं. डॉक्टरांनी मशीनने नोंदलेला माझ्या रात्रींचा हिशेब पडद्यावर बघितला, "बहुत बढ़िया," म्हणाले आणि पिशवीतून डोकावणारी खोळ बघून थांबले.

"ये किसने बनाया?"

"मीच," बायको मराठीतच बोलून गेली, मग हसून म्हणाली, "मैंने बनाया है. पाइप ठंडा हो जाता था."

मग ते दोघंच बोलत राहिले. कापूस किती भरला, धुता येते का, चेन लावली तर काढायला सोपं पडेल का. डॉक्टर म्हणाले, थंडीत अर्ध्या पेशंटची हीच तक्रार असते, पाणी आलं की लोक मशीन कपाटात ठेवून देतात. दोन-चार खोळी बनवून द्याल का? मी समोर बसलो होतो. झोपणारा मी, सुधारलेला मी. माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं.

आता घरात छापलेल्या कापडाचे तुकडे पसरलेले असतात. दुकानातला तो तंत्रज्ञही खोळींसाठी फोन करतो, मी उचलला की आधी म्हणतो, "सर नमस्ते, ज़रा मैडम से बात करा दीजिए." मी फोन तिच्या हातात देतो. अगदी हसतमुखाने देतो, पण आत काय होतं ते मला माहीत.

आजचीच गोष्ट. जेवण झालं, मला जरा पडायचं होतं. खोलीत गेलो तर मशीन चौरंगावर आहे, मास्क उशीवर आहे, नळी गायब. बाहेर आलो. ती फरशीवर बसून माझी नळी ताणून टेपने मापत होती, तोंडात टाचण्या.

"मला झोपायचंय," मी म्हणालो.

तिने टाचण्या काढल्या. "हिच्याच मापाने कापतेय. जरा थांबा ना."

मी सोफ्यावर बसून थांबलो.