शेवटची पानं नसलेली कादंबरी

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना सही येते, वाचता येत नाही. पण कादंबरी ऐकायला बसल्या की त्यांच्यापुढे भलेभले टीकाकार पाणी भरतील. रविवारी दुपारी मी वाचायचे आणि त्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत ऐकायच्या. माझे आईबाप लग्नाआधीच गेलेले. नवराही आजारपणात गेला आणि बदनापूरच्या त्या घरात आम्ही दोघीच उरलो. त्याच्याबद्दल आम्ही फारसं बोलत नसू. एकीला रडू आलं की दुसरीला आवरायचं नाही, म्हणून कादंबऱ्या बऱ्या.

जालन्याच्या ज्या शाळेत मी क्लार्क आहे, तिथल्या कपाटातून एकदा एक प्रेमकथा आणली. चार पानं वाचून झाल्यावर कळलं, नायिका विधवा आहे आणि कुणीतरी पुन्हा तिच्या आयुष्यात येऊ पाहतंय. माझी पंचाईत झाली. कारण शाळेतल्याच एका सरांनी मला नुकतंच लग्नाचं विचारलं होतं. त्यांचीही बायको गेलेली. आत्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ते रिक्षा घेऊन आले होते आणि दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले होते. मला ते आवडत होते. म्हणूनच उत्तर द्यायची हिंमत होत नव्हती.

आत्यांना नायिका मुळीच पटली नाही. "ही बया सारखी खिडकीतच उभी राहून राह्यली. हिच्या घरची भांडी कोण घासतं?"

"मोठ्या घरची आहे ती, आत्या."

"मंग बराबर. रडायला टाइमच टाइम."

तरी पुढचं ऐकायची घाई त्यांनाच. शेवटी नायक दारात येऊन उभा राहिला, नायिकेने कडी काढली, मी पान उलटलं आणि समोर नुसता पुठ्ठा. शेवटची पानं कुणीतरी फाडून नेली होती.

"असं कसं?" आत्या चिडल्या. "तिनं होय म्हणलं का न्हाई? तू शिकलेली हायस, सांग की."

"नाहीच म्हणाली असेल," मी म्हटलं. "घरात सासू आहे. म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकून कशी जाईल?"

आत्यांची सुई थांबली. "ह्या पुस्तकात सासू कवा आली?"

खरंच, पुस्तकात सासू नव्हतीच. मी खाली मान घातली.

"आन् आसलीच, तर तिला इचारलं का कुणी?" त्यांनी दोरा दाताने तोडला. "ते डोळ्याच्या वक्ताला आल्ते ते सर, त्यांना पुढच्या रविवारी जेवायला बोलाव."

सर आले, जेवले, आणि आत्यांनी तारीखच धरली. साडी घ्यायला आम्ही जुन्या जालन्यात गेलो. आमच्या बौद्ध लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. आत्यांनी पांढरी दाखव म्हटल्यावर दुकानदाराने त्यांचं मोकळं कपाळ पाहिलं, आवाज खाली आणला आणि बिनकाठाच्या सुती साड्या पुढे केल्या. "कोण गेलं, मावशी?"

"गेलं न्हाई कुणी. सुनेचं लगीन हाय. जरीची काढ, जल्दी."

"सुनेचं?"

"बिलकुल. माझ्याच सुनेचं."

आत्या माझ्या खांद्याला लागतात. पण त्या दुकानात मला त्यांच्याकडे मान वर करून पाहावंसं वाटलं. पोटचा मुलगा गेलेली बाई त्याच्या बायकोसाठी साडीची जर पारखत होती, काठ उलटून धागे बघत होती. एवढं मोठं मन कुठून आणतं माणूस? मला अजून कळलेलं नाही.

विहारात त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले. आत्या माझ्या आईच्या जागी उभ्या होत्या. निघताना सर म्हणाले, "आत्या, जालन्याच्या घरी तुमची खोली लावून ठेवलीय. आता आमच्याकडेच राहायचं." मीही हात धरून बसले. त्या काही केल्या ऐकेनात. शेवटी मी रागावलेच.

तेव्हा त्यांनी माझ्या पदराची जर सारखी केली. "येडी हायस का? मी बी तिकडंच आले, तर तू माहेराला कुठं येशील?"