सांधा नसलेली काठी

लांब आणि सरळ असं काहीही दिसलं की आमचे शेजारी ते उचलून आधी छताला लावून बघत. आम्ही पडद्याचा नवा रॉड आणला, तर त्याचं टोक छताला टेकवून खालून हळूच दाबलं. झाडूचा दांडाही सुटला नाही. तो वाकेना, म्हणून नापास. "जरा वाकवून बघतो, वहिनी," म्हणायचे, आणि मी हो म्हणायच्या आत वाकवलेलं असायचं. आमच्या पाहुण्यांना वाटे, छताला बुरशी आलीय. ते ठिपके ह्या गृहस्थांचे.

मी त्यांना भाऊजी म्हणायची. इथे ओहायोतल्या डब्लिनमध्ये त्यांच्या आणि आमच्या घराची मधली भिंत एकच. मूळचे भंडाऱ्याकडचे, तलावांच्या मुलखातले, त्यामुळे मासे धरणं अंगातच. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरची नोकरी करायचे आणि शनिवारी सकाळी तळ्यावर जाऊन जगायचे. बास नावाचा मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. मी जन्माची शाकाहारी, पण मलाही हे पटत नसे. सोडायचाच होता तर त्या बिचाऱ्याची झोपमोड कशाला केलीत, असं विचारलं की नुसते हसायचे.

दुकानातला मासे धरायचा तयार रॉड त्यांना चालत नसे. स्वतः बांधायचे. त्यासाठी आधी ब्लँक निवडावा लागतो, म्हणजे मूठ आणि दोरीच्या कड्या बसवण्याआधीची ग्राफाइटची कोरी, पोकळ काठी. मला सगळ्या काठ्या सारख्याच दिसत. हे मात्र मुलीसाठी स्थळं बघावीत तसे बघत बसत. ही टोकाला फार मऊ, ती फार कडक, तिसरी हातात जड. एका बाबतीत ठाम होते, काठी एकसंध हवी. दोन तुकडे जोडून होणारी नको. "सांध्यात बातमी अडकते, वहिनी." मासा पाण्याखाली नुसता हुंगून गेला, तरी वर बोटाला कळलं पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा.

मुलगी एकुलती एक, जन्माने इथलीच. डोळे चोळत बापाबरोबर तळ्यावर जायची आणि त्याच्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. तिला तिचा स्वतःचा रॉड बांधून द्यायचं त्यांनी ती लहान असतानाच कबूल केलं होतं. पण काठी पसंत पडेल तर ना! एखादी पडलीच, तर तोवर पोरगी आणखी उंच झालेली. "बाबा, जस्ट पिक वन," ती वैतागून म्हणायची. "घाई काय आहे?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

तुम्हीही असं म्हणत असाल. आम्हीही म्हणत होतो. मग एका उन्हाळ्यात भाऊजींची नोकरी गेली. ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पांढरे झालेले, आणि रांग होती तिथेच. व्हिसावरच्या माणसाला दोन महिन्यांत दुसरी नोकरी धरावी लागते, नाहीतर देश सोडावा लागतो. त्यांनी शोधली. मुलाखती घेणारी पोरं त्यांच्या निम्म्या वयाची, गोड बोलायची आणि पुन्हा फोन करायची नाहीत. भर दुपारी त्यांची गाडी दारातच उभी दिसे. शेवटी ठरलं. नवराबायको भारतात परत जाणार, मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष, ती आमच्याकडे राहणार. पुढे तिचं कॉलेजही इथेच.

निघायला जेमतेम पंधरा दिवस उरले असताना ते मला दुकानात घेऊन गेले. मुलीचा रॉड बांधायचा होता. तिच्या हाताला हवी तशी एकसंध काठी दुकानात नव्हती, मागवली तर सहा आठवडे लागणार होते. आली की मी ठेवून घेते, असं मी म्हटलं. "आणि बांधणार कोण?" ते म्हणाले. दुकानदार म्हातारा होता आणि भला होता. त्याने तसल्याच मऊपणाची एक काठी आतून आणली, पण ती दोन तुकड्यांची. मला तर फारच बरं वाटलं. हीच घ्या, मी म्हटलं, सुट्टीत भारतात येताना विमानातही आणता येईल तिला.

भाऊजींनी ती हातातही घेतली नाही.

"सुट्टीला येईल ती हात हलवत येईल. रॉड घेऊन आली म्हणजे तिचंही इथलं संपलं, वहिनी. ते मला मनातसुद्धा आणायचं नाही."

मग त्यांनी बाजूची एक एकसंध काठी घेतली. वाकवून बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. तिच्या मनगटाला ही फार कडक आहे, म्हणाले. तरी पैसे देऊन आले. गाडीत बसल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "वेळ असता तर ही घेतली नसती." मला इतका संताप आला, पण नेमका कोणावर काढायचा ते कळेना.

अर्ध्या बांधलेल्या पेट्यांच्या मधे बसून त्यांनी तो रॉड पुरा केला. कड्यांवर लाल दोरा इतका सफाईने गुंडाळला होता की मीसुद्धा बोट फिरवून बघितलं. विमानतळावर बायको रडली, मुलगी रडली. भाऊजी मात्र मुलीला दोऱ्यावरचं रोगण पुरतं वाळेपर्यंत कड्यांना हात लावू नकोस, हेच पुन्हा पुन्हा सांगत होते.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी तिला तळ्यावर घेऊन गेले. आमिष दोनदा कुरतडलेलं वर आलं, आणि मासा कधी आला नि कधी गेला, तिला पत्ता लागला नाही. परत येताना ती मनगट चोळत होती.

त्याच दिवशी भाऊजींचा फोन आला. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून बोलत होती, फोन स्पीकरवर. काठी कशी आहे, असं त्यांनी विचारलं. ती पोरगी, जिने आयुष्यात बापाला मराठीत उत्तर दिलं नव्हतं, नीट शब्द जुळवत म्हणाली, "एकदम बरोबर आहे, बाबा. सगळं कळतं हाताला."

ते मराठी ऐकूनच त्यांना कळलं होतं. कळलंय हे तिलाही कळलं होतं.

"बरं झालं," ते म्हणाले. "थंडी पडेल आता. टोपी घालून जात जा."

"हो, बाबा."

त्यानंतर ती तळ्यावर गेलेली नाही. दर शनिवारी ते विचारतात, किती मिळाले? ती एखादा आकडा सांगते.